गोठ्याचं माप

लांबी नव्वद फूट, रुंदी बत्तीस.
टेपचं एक टोक किसन फाल्यांनी धरलंय,
दुसरं मी,
आणि मधे तीन वर्षांपूर्वी विकलेल्या
बावीस जर्सी गाई.
त्यांना ओलांडून मी आकडा वहीत लिहिते.

कोळवणच्या पुढे, डांबर संपतं तिथून दीड किलोमीटर.
पाहुणे औंधातून, बाणेरमधून, दोघे थेट टोरांटोहून
उंच टाचांनी इथवर येणार.
म्हणून मुरूम, दोन ट्रॅक्टर.
म्हणून जनरेटर, आणि त्याची घरघर दाबायला
भोवती भाताच्या पेंढ्या.
म्हणून झुंबरं, पाच, रविवार पेठेतून भाड्यानं,
लोलक फुटला तर एकेकाचे साडेतीनशे.

शाल्मलीला कार्डावर एकच ओळ हवीय :
पोशाख काळा, औपचारिक.
कुमुदआत्यांचा फोन अर्थात मलाच.
बिल कोणाचंही असो, बोलणी प्लॅनरनं खायची.
"लग्नाला काळं? कोणाच्या डोक्यातलं हे?"
मी म्हणते, संक्रांतीला नेसतोच की आपण.
"नेसतो. म्हणून मांडवात संक्रांत आणायची?"
फोन ठेवता ठेवता मात्र विचारतात,
चंद्रकळेला काठ रुपेरी बरा दिसेल की सोनेरी.

पूर्वेच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं आहे :
बानू ११. चिमणी ८॥. लंगडी ९, सड दुखतोय.
रंगारी म्हणतो, दोन हात मारले की जाईल.
डेकोरेटर म्हणतो, असू द्या, फोटोत छान येतं.
तनय म्हणतो, इथंच लावू या
कोण कुठल्या टेबलाला त्याची यादी.
किसन काहीच म्हणत नाहीत.
अंगठ्यानं लंगडीच्या बाजूची धूळ पुसतात,
अक्षरं तशीच ठेवून.

वासाचं काय, मी विचारते.
फिनेल झालं, चुना झाला, पुन्हा फिनेल,
आदल्या रात्री निशिगंधाच्या चाळीस जुड्या येतील.
"जाईल की. पर रातच्याला दव पडलं
का वर येतो थोडा.
पंधरा वर्सं प्यालीय ही जमीन."
मी लिहिते : धूप? मग खोडते.
माझं लग्न रजिस्टर कचेरीत, अकरा मिनिटांत झालं.
आठवतो तो शाईच्या पॅडचा वास,
तोही दव पडलं की, कधीकधी.

शनिवारी रंगीत तालीम.
तनयचे पाच मित्र, गळ्यात काळी रेशमी पट्टी,
समोर मोबाईल.
व्हिडिओ मागे नेतायत, थांबवतायत, पुन्हा मागे.
सगळे इंजिनिअर.
एकाचीही गाठ बसेना.
किसन कॅन ठेवायच्या कट्ट्यावरून बघत होते.
उठले. हात पँटीला पुसले.
पहिल्याच्या गळ्यात पट्टी फिरवली,
दुमड, आत, ओढ.
फुलपाखरू.
"दाव्याची गाठ हाये," म्हणाले.
"वासरानं किती बी हिसका दिला तरी आवळत नाय.
आन् आपण टोक वढलं का मोकळं."

मग एकेक जण पुढे झाला
आणि हनुवटी वर करून उभा राहिला.
शेवटी नवरदेव.
कोणी हसलं नाही. फोटोसुद्धा काढला नाही कोणी,
आणि हल्ली ते फारच झालं.
"कापड लई भारी," एवढंच म्हणाले किसन,
आणि पाणी सोडायला गेले.

यादीत आता थोडंच उरलंय.
बर्फ, शंभर किलो.
गुरुजींसाठी हीटर.
सर्पमित्राचा नंबर, दोन ठिकाणी लिहून.
आणि किसन फाले, काळा कोट, माप घेणे.
ते घ्यायला आज मुद्दाम आले.
म्हटलं, जरा उभे राहा, आणि टेप काढली.
त्यांनी सवयीनं तिचं एक टोक हातात घेतलं
आणि भिंतीच्या दिशेनं
चालू लागले.