कारणाचा रकाना

भायखळ्याच्या वॉर्ड ऑफिसात
जुनी मृत्यूची रजिस्टरं संगणकावर चढवते मी.
वाळवीनं नावं खाल्लीत, कारणं शाबूत.
मांडवीचा हमाल: गाठीचा ताप.
ओली बाळंतीण: वारं लागलं.
मग गिरणीवाले, पानंच्या पानं क्षय;
कापसाच्या तुसाला रकाना नव्हता.
आता शुगर, हार्ट, शुगर, शुगर.

एका पानावर कुणी धाकू मांजरेकर, कारकून,
फिक्या शाईत लिहून गेलाय:
‘उंदीर?’
वरच्या साहेबानं त्यावर काट मारलेली.

आमच्या अण्णांच्या दाखल्यावर आहे: हृदय बंद पडले.
कुणाचं पडत नाही?
सव्वीस वर्षं मॅनहोलात उतरले ते,
आंघोळीनंतरही वास राहायचा कानामागं.

यादीत उंदीर नाही.
मी ‘इतर’ निवडते,
पुढं प्रश्नचिन्ह टाकून बघते.
यंत्र घेत नाही.