धूर किती

डॉक्टर राउडसेपनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.
हातात कागद नव्हता, म्हणजे गंभीर असणार.
मायकोफेनोलेट आजपासून बंद, म्हणाल्या.
टॅक्रोलिमस तिसऱ्या हिश्श्यावर,
कारण बुरशीवरचं औषध
त्याची रक्तातली पातळी आपसूक चढवतं.
प्रेडनिसोलोन तेवढं राहील.
"तुमचं मूत्रपिंड आहे, म्हणून सांगते.
परवानगी नाही मागत."

खिडकीबाहेर तार्तू पांढरं, नदी गोठलेली,
काठानं कुणीतरी सायकल हातात धरून चाललेलं.

उर्मासच्या फुप्फुसात बुरशी.
ऑक्टोबरात ओलसर पेट्या उघडल्या त्यानं, मास्कशिवाय,
जुन्या पोळ्यांवरची हिरवट पूड फुंकून उडवली.
बेचाळीस वर्षांचा घोडा.
सांगून सांगून जीभ झिजली माझी.

मधमाश्यांचं त्यानंच शिकवलेलं:
परकी राणी पेटीत सोडायची तर धूर द्यायचा.
कमी पडला, तर माश्या तिच्याभोवती गोळा होतात
आणि गुदमरवून मारतात.
जास्त झाला, तर दारात गांधीलमाशी
आणि पहारा झिंगलेला.
मग किती द्यायचा?
तो हसायचा. "पेटीला विचारायचं."

मी काही राणीबिणी नाही,
बेकरीत राईचे पाव भाजते.
तीन वर्षांपूर्वी डाव्या कुशीतलं काढून दिलं,
दिलं म्हणजे दिलं, असं वाटत होतं.
पण आज पहिला विचार आला
तो त्याच्या श्वासाचा नाही.
माझ्या तुकड्याचा.
आता तो उघड्यावर पडणार.

राउडसेपनी ओळखलं असावं.
"ते गेलं तर डायलिसिस आहे," त्या म्हणाल्या
आणि वाक्य तिथंच ठेवलं.

क्रिएटिनिन सोमवारी एकशे चाळीस,
गुरुवारी एकशे अठ्ठ्याऐंशी.
लघवीची पिशवी मी नर्सच्या आधी वाचते,
दुधाचा रतीब मोजावा तशी.
काल अकराशे मिली. आज नऊशे साठ.
ताप मात्र उतरला, निम्मा.

ऑक्सिजनच्या मास्कआडून उर्मास म्हणाला,
पेट्या बघून ये.

व्होरूच्या बसनं गेले. गुडघाभर बर्फ. सात पेट्या.
त्यानं सांगितलं तसं बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला.
सहांनी हूं केलं.
सातवी गप्प.
पुन्हा ठोकलं.
टाक्यांची जागा थंडीनं ओढली गेली.
मी तिथंच उभी, कान लाकडाला चिकटवून,
फोनवर त्याला काय सांगायचं
ते ठरवत.