दगडफूल

धरमपेठेतल्या नव्या हॉटेलात
काळ्या मातीच्या वाटीत चार चमचे सावजी रस्सा,
वर कोथिंबिरीचं एकच पान.
किंमत वाचून मी वच्छलाआत्याकडे बघितलंच नाही.

शाळेत माझा डबा खिडकीबाहेर ठेवायला लावायचे.
कोष्ट्याचं पोट्टं, तिखटच निघणार.
खरं तर मला तिखट सोसायचं नाही,
आई माझ्यापुरती तर्री बाजूला काढायची.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

रजत म्हणाला, काका, ही चोरी आहे,
यांच्यातल्या कुणी माग पाहिला, खूर भाजले?
शेजारच्या टेबलावरून एक जण,
चव काय कुणाच्या बापाची असते?
आणि दोघंही माझ्याकडे बघत बसले,
जणू तांडापेठेचा सातबारा
माझ्याच खिशात आहे.

आत्यानं बोट चाटलं.
"दगडफूल कच्चंच टाकून राह्यले,"
म्हणाली, आणि सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात.

आतून कढईचा आवाज. मग धूर.
मग सगळ्या टेबलांना
एकदमच ठसका.

बिल पूर्ण आलं.
आत्या बाहेर आली ती
पदराच्या गाठीत काहीतरी बांधून.
रिक्षात विचारलं, तर म्हणे,
"त्याइची खसखस चांगली हाय."