सहाशे मिलिमीटर

माबांबाच्या दलदलीत
तासभर काही हललं नाही.
पपायरसमध्ये तो राखाडी, जोड्याएवढ्या चोचीचा,
आणि नावेत आम्ही दोघं.
झूम फिरवत सहाशेपर्यंत गेलो,
तेव्हा त्याच्या डोळ्याभोवती
माझीच नाडी थडथडताना दिसली.

सेकित्तो म्हणाला, बाप माझा
हा दिसला की नाव वळवायचा.
त्या दिवशी जाळं रिकामं.
आता याच्यावरच चूल पेटते.

‘बघतोस?’
त्यानं वल्हं मांडीखाली दाबलं,
कॅमेरा घेतला
आणि पक्ष्याकडे पाठ करून
पलीकडचा काठ धुंडाळत राहिला.
बराच वेळ.

मग हसला:
नाकिबुलेनं शेळी पुन्हा
कसाव्यात सोडलीय.

मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.
काठ. एक पिवळा ठिपका.

पक्षी कधी उडाला
कळलंच नाही.