माग थांबला की

वडगावच्या आमच्या बोळात लाईट गेली
की नऊच्या नऊ माग एकदम गप्प व्हायचे
आणि हे झोपेतून दचकून उठायचे.
खडखडाटात घोरणारा माणूस,
शांततेनं जागा होणारा.

आता एकोणीस दिवस
मशीनच ह्यांचा श्वास घेऊलंय.
मिनिटाला चौदा. मी काचेबाहेरून मोजते.
एकदाही चुकत नाही,
त्याचीच भीती वाटते.

डॉक्टर हुक्केरींनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं:
फुप्फुसांखाली एक पडदा, पालथ्या परातीसारखा.
"दुसऱ्यानं काम केलं की हा बसून खातो, अक्का.
चार दिवसांत पातळ होतो."
त्याची नस मानेतून उतरते.
शिरेतून तिच्याशेजारी तार सरकवायची,
श्वासागणिक बारीकसा करंट.
"नवीन आहे. चालेलच असं सांगत नाही."

करंट म्हटल्यावर मोनेश घाबरला.
मी तीस वर्षं विजेवरच जेवले,
ती रात्री दोनला आली की दोनला उठले.
सही केली.

पहिल्या दिवशी पोट उचकीसारखं हललं.
शिवलीला सिस्टरनं माझा हात तिथं ठेवला.
मशीनचा दम वरून भरतो,
हा खालून आला,
शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलावी तसा.

ताण्याचा धागा तुटला की मी पीळ देऊन सांधते,
गाठ दिसू देत नाही.
ही तार काही सांधत नाही.
नुसती हाक मारते,
झोपायची सवय लागलेल्याला.

सव्विसाव्या दिवशी सकाळी मशीन थांबवलं.
दिवे चालू होते,
तरी खोलीत लाईट गेल्यासारखं झालं.
"उसिरु तगोरी, रेवणप्पा," सिस्टर म्हणाली.
माझ्या तोंडून नाव निघेना,
कधी घेतलंच नव्हतं.

हे दचकले.
डोळे उघडले.
मागाचा दांडा शोधावा तसा हात चाचपडला,
आणि पोट वर आलं. एकटं.
मी मोजायची विसरले.

दुपारी परत मशीनला लावलं, दमले होते.
डॉक्टर म्हणाले, आज बावीस मिनिटं. उद्या बघू.
बावीस मिनिटांत, धागा तुटला नाही तर,
दोन हात कापड उतरतं.
मी मोनेशला फोनवर एवढंच सांगितलं:
दोन हात उतरलं.