यंदा मरायचं नाही

दर डिसेंबरात, पहिल्या शनिवारी
माझा नवरा मरायला जातो.
शेजारणीला मी जिन्यातच सांगते,
बटाट्यांची पिशवी खाली ठेवून, अगदी सहज:
व्लास्तिमिल गेलाय मरायला, सातपर्यंत येईल.

एरवी तो ब्रनो शहरात ट्राम चालवतो.
त्या दिवशी मात्र फ्रेंच होतो,
निळ्या कोटाचा, मिशीला मेण लावलेला,
आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत,
बर्फ धरलेल्या बिटाच्या शेतात,
तीन वाजून दहा मिनिटांनी पडतो.
एकोणीस वर्षांत एकोणीस मरणं.
तोफेने बरीचशी. संगिनीने चार.
एकदा घोडा बिचकला, ते कार्यक्रमात नव्हतं,
बरगडी खरीच मोडली.
टाळ्या सर्वांत जास्त त्या वर्षी पडल्या.

कोट मी शिवते.
मशीनचा टाका दिसता कामा नये, धागा तागाचाच हवा,
त्यांची समिती भिंग घेऊन बसते.
एका वर्षी मी एक बटण खरं लावलं,
बाबांच्या नांगराला ह्याच शेतात लागलेलं.
जॅमच्या बरणीत असली मूठभर होती घरी,
आम्ही बहिणी त्यांच्या सोंगट्या करायचो.
समितीने बोट ठेवलं: हे चालणार नाही,
ही पलटण त्या दिवशी इथे नव्हतीच.
मी काय बोलणार?
पलटण नसेल. तो होता ना.
बटण उसवलं, आणि आतून,
काखेजवळच्या अस्तरात शिवून टाकलं.
व्लास्तिमिलला अजून ठाऊक नाही.

मग यंदा ऑक्टोबरात कप्तानाचा फोन.
कप्तान म्हणजे ओल्डर्झिख, बॉयलर दुरुस्त करतो.
म्हणाला, जिवंत माणसं कमी पडतायत.
सगळ्यांची साठी आली, सगळ्यांचे गुडघे गेले,
पहिल्याच फैरीला जो तो आडवा होतो.
जिंकलेल्या सैन्यात गेल्या वर्षी उभे किती? अकरा.
यंदा तू मरायचं नाही.

व्लास्तिमिल बुटांच्या स्टुलावर बसून राहिला.
मरणं सोपं असतं गं, म्हणाला,
मऊ जागा हेरायची, तोंड लोकांकडून फिरवायचं,
थर्मास आधीच लपवलेला असतो.
जगायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

सॉसेजच्या टपरीतून मी बघत होते.
धूर खाली बसला.
बसमधून आलेल्यांनी फोन उंचावले.
तो उभा, आणि भोवती पडलेले:
दातांचा डॉक्टर, बेकरीतले दोघे भाऊ,
भूगोलाचा झ्बिन्येक, पोटावर हात घेऊन.
(त्याने नंतर सांगितलं,
मानही न हलवता झ्बिन्येक पुटपुटला:
टोपी जरा सरकव रे, कानात बर्फ जातंय.
ह्याने सरकवली. तेवढंच सुचलं.)

मग कर्ण्यावरून आवाज आला,
मेलेल्यांनी आता उठावं.
उठले. ढुंगणं झटकली. सिगरेटी पेटल्या.
शत्रूने शत्रूला कोपर धरून उभं केलं.
बस निघाल्या, मी तवा खरवडायला घेतला,
आणि हा आपला शेतात, एकटा,
सरीसरीतून वाकून बघत चाललेला,
शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले
की रिकामा डबा बघतो ना, तसा:
कुणी झोपून तर नाही राहिलं?

मी शेवटच्या गाडीने घरी आले. सात वाजले.
मेलेला माणूस नेहमी वेळेवर येतो.
आठ वाजले. सूप दोनदा तापवलं.
मग बेल. किल्ली खिशात असून बेल.

दारात उभा, मिशीवर दव गोठलेलं,
एक हात कोटाच्या आत, काखेपाशी,
पाटीवरचं आमचं आडनाव वाचत,
जणू पत्ता विचारत, लांबून चालत आलाय.

कोण? मी उगाच विचारलं.
त्याने लगेच उत्तर दिलं नाही.

ये आत, मेल्या, म्हटलं,
दार उघडं राहिलं की ऊब जाते.