पोचलो

आन्सेल्मो पणजोबांची पत्रं टाइप करतेय
सेर्रो गावच्या चीज सोसायटीत, जेवणाच्या सुट्टीत.
सत्तावीस पत्रं. एकाही वाक्याच्या तोंडाशी ‘मी’ नाही.
‘पोचलो. खेचर विकलं.
चार दिवस तापात होतो. रविवारी निघेन.’
क्रियापदाच्या शेपटीतच बसलेला माणूस,
त्याला वेगळी खुर्ची लागत नव्हती.

टेबलाखाली जांदीरा, पाच वर्षांची, पाव खातेय.
‘मी खाल्ला, मी सांडला, मी पुसते ना.’
कुणी शिकवलं? मी तर नाही.
(बघा, म्हणालेच.)

आमच्या ब्राझीलात शेपट्या झिजत गेल्या.
‘आम्ही जातो’ मोडून ‘मंडळी जाते’ झालं;
तू, तो, ती, मंडळी
सगळ्यांना एकच चप्पल.
मग पाळण्यातलं पोर
रेडिओ, भांडणं, कोंबड्यांना हाकलणं
सगळं चाळून काढतं आणि ठरवून टाकतं:
या घरात नाव सांगूनच आत यायचं.
ठरवलं, हे त्यालाही ठाऊक नसतं.
व्याकरणाचं पुस्तक मात्र अजून
जुन्याच दारावर थाप मारत उभं.

काल तिला पहिलं पत्र वाचून दाखवलं.
माझ्यामागून म्हणाली, ‘मी पोचलो.’
‘नाही गं. नुसतं, पोचलो.’
‘मग पणजोबा कुठेयत?’
‘शेवटच्या अक्षरात बघ.’
ती वाकली. लोण्याचं बोट
नेमकं तिथेच टेकवलं.
‘एवढेसे?’